वीतभर खुंट

"वाकायला लाज वाटते का व, देवका?"

सोनबा दिवाणजी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, ओरडला. डोक्यावर छत्री, पायात चपला, धोतराचा सोगा हातात धरलेला. मालकाच्या तलावाखालच्या बांधीत धानाची कापणी चालली होती. टोलीतल्या बाया ओळीनं वाकल्या होत्या आणि ओळीच्या टोकाला देवका, माझी सासू होती. तिच्या विळ्यामागं उरणारे खुंट चांगले वीतभर उंच होते. आमच्या भागात धान जमिनीला लावून कापतात. तणस लांब निघाली पाहिजे, बैलांना उन्हाळाभर पुरली पाहिजे. बैल मालकाचे, कंबर आमची.

"लाज नाही जी, कंबर," सासू विळा न थांबवता म्हणाली. "कंबर वाकत नाही आता. तुम्ही या खाली, दाखवा कसं वाकतात ते."

बाया हसल्या. शेजारची गोपिका सगळ्यात मोठ्यानं हसली. "नको व, दिवाणजी वाकले तं धोतर सुटन."

दिवाणजीनं ओळीवरून नजर फिरवली. उंच खुंट एकट्या देवकाचे नव्हते.

"साऱ्याच उंच कापून राहिल्या तुम्ही. साऱ्यांच्याच कमरा गेल्या का एका दिवशी?"

"एकाच विहिरीचं पाणी पितो जी आम्ही," गोपिका म्हणाली. "तुमच्या विहिरीवर तं येऊ देत नाही."

दिवाणजी छत्री दुसऱ्या खांद्यावर टाकून पुढच्या बांधीकडं निघून गेला.

मी हे सगळं धुऱ्यावर बसून पाहत होते. त्या साली माझं लग्न झालं होतं आणि पोट दिसायला लागलं होतं. सकाळी मी पदर खोचून बांधीत पाय टाकला, तर सासूनं माझ्या हातातला विळा काढून घेतला.

"तू तिकडं बस, निरमे. पोट घेऊन वाकायचं नाही."

"बाकीच्या वाकतात ना, आत्याबाई. मजुरी बुडन आजची."

"बुडू दे. मी वाकली साऱ्या बाळंतपणांत. काय भलं झालं?"

मी बसले. कापणी संपेपर्यंत त्या बांधीत माझा विळा एकदाही चालला नाही. एवढं लक्षात राहू द्या.

आमचं गाव झाडीपट्टीतलं. तलाव मोठा, त्याच्या पाळेखाली मालकाच्या बांध्या, आणि गावाच्या खालच्या अंगाला आमची टोली. मालकाचं नाव उद्धवराव, पण ते नाव घ्यायची वेळ आमच्यावर येत नसे. मालक म्हटलं की झालं. टोलीत कोणाकडं जमीन नव्हती. रोवणा आम्ही करायचा, निंदण आम्ही, कापणी आम्ही, आणि खळ्यावर झाडून झालं की धान वर जायचं, आम्ही खाली यायचो.

आमच्या वाट्याला एक रीत तेवढी होती. शेवटची गाडी खळ्यावर गेली की बांधीत गळून पडलेल्या लोंब्या टोलीतल्या बायांनी वेचायच्या. त्याला सरवा म्हणतात. सरवा कोणीही वेचू शकत नसे. ज्या बांधीत जिचा विळा चालला, त्या बांधीत तिचाच सरवा. वेचणारीनं आपली टोपली धुऱ्यावर ठेवून हजर राहायचं. टोपली आणि तिची मालकीण धुऱ्यावर आहे तोवर ढोरक्यानं त्या बांधीत ढोरं घालायची नाहीत. टोपली उठली की रान ढोरांचं. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती, पण मालकाच्या बापालाही ती मोडता आली नव्हती. मोडली असती तर पुढच्या साली विळा घेऊन त्याच्या बांधीत कोण गेलं असतं?

सरवा एरवी लवकर आटपतो. माणूस किती वेचणार? पण सासूच्या डोक्यात दुसरंच होतं. आदल्या साली तिनं एक पाहिलं होतं. तलावाखालच्या त्या बांधीत पाझर उतरतो, माती हिवाळाभर ओली राहते. एका कोपऱ्यात कोणाचा तरी विळा आळसानं वरून चालला होता. तिथले खुंट पुन्हा हिरवे झाले, त्यांना कोंब फुटले आणि कोंबांना लोंबी आली. मग ढोरं आली आणि खाऊन गेली. सासू तेव्हा पाळेवर उभी राहून ढोरांचं चरणं पाहत होती. सालभर ती याबद्दल कोणाशी बोलली नाही. कापणीच्या आदल्या सांजेला तेवढी घरोघर फिरली आणि बायांना म्हणाली, "उद्या तलावाखालच्या बांधीत वीतभर वर कापा. कारण विचारू नका, कंबर दुखते म्हणून सांगा."

शेवटचा भारा गाडीत चढला तेव्हा मालक खळ्यावर निघाला होता. सासू वाटेत आडवी झाली.

"मालक, सरवा आमचा ना जी?"

"दरसाल विचारते का?"

"यंदा विचारून राहिली."

मालक हसला. चार माणसं उभी होती, दिवाणजी होता. "तुमचाच. विळ्यामागं जे राहीन ते तुमचं. मी काय लोंब्या वेचत फिरू?"

"ऐकलं ना व बायांनो," सासू मागं वळून म्हणाली.

माझा नवरा प्रल्हाद तिला वेडी म्हणाला. ताटावरच म्हणाला.

"उसाचा खोडवा असते आई, धानाचा नसते. धसकटाच्या भरोशावर घर चालते का?"

"तुह्या भरोशावर तरी कुठं चालते?"

"ट्रक येईन संक्रांतीच्या आगंमागं. सारी टोली जाईन. तू बस टोपली घेऊन."

"बसतोच मी."

ट्रक म्हणजे ठेकेदाराचा. पौषात टोलीतल्या मडक्यांचं बूड दिसायला लागायचं आणि तेव्हाच तो यायचा. बायका, पोरं, म्हातारी, शेरडं, सगळी त्यात कोंबून आंध्रात न्यायचा, मिरची तोडायला. होळी उलटल्यावर लोक परत यायचे, तोवर निम्मी टोली खोकत असायची. माझे दिवस त्याच सुमाराला भरत होते. सासूचं म्हणणं एवढंच होतं, की खुंटांचं धान घरात आलं तर आम्ही दोघी या साली ट्रकात चढायचं नाही. बाळंतपण घरात होईल, सायत्री सुईणीच्या हातून. सायत्रीनं टोलीतलं अर्धं माणूस या जगात ओढून काढलं होतं. माझं पोट चाचपून ती म्हणाली होती, "पोरगी हाय. भांडखोर हाय. मीच काढीन इला."

मग आमचं राखणं सुरू झालं. सासूनं चुलीची राख साठवली, शेरडांच्या लेंड्या गोळा केल्या, टोपलीनं वाहून नेऊन खुंटांच्या बुडाशी टाकल्या. पाझर जास्त झाला की धुऱ्याला चीर पाडून पाणी काढायचं, कमी झाला की पाळेच्या बाजूनं हातानं माती उकरायची. खुंट आधी पिवळे पडले, मेल्यासारखे दिसायला लागले. गोपिका म्हणाली, "गेलं व तुहं पीक." सासू म्हणाली, "थांब." मग गाठींतून हिरवी टोकं निघाली. पोरांच्या दातांसारखी, आधी एक, मग ओळच्या ओळ.

टोपली धुऱ्यावर असायची आणि तिच्याशेजारी कोणीतरी बाई. आधी साऱ्या पाळीपाळीनं बसत. मग पहिला ट्रक आला, प्रल्हाद त्यात गेला, पाळीतल्या बऱ्याच बायाही गेल्या. जाताना तो आईला म्हणाला, "गड जिंकला की सांगावा धाडजो." उरलो आम्ही काही घरं. गोपिकाचा नवरा तापानं पडला होता म्हणून ती राहिली. बसायचं काम सासूवरच आलं. मी दुपारी भाकर घेऊन जायची आणि तिच्याजवळ टेकायची.

बुधा ढोरकी रोज गावची ढोरं घेऊन पाळेवरून जायचा. हिरवं पाहून गाई खाली वळायच्या, तो काठी आडवी घालायचा.

"अजून सरवा चालू हाय का व, देवकाबाई?"

"चालू हाय."

"लय मोठी लोंबी हरवली वाटते तुमची."

"हो ना. शोधून राहिली."

तो हसत हसत ढोरं पुढं न्यायचा. कधी तंबाखू मागायचा, कधी तिला द्यायचा. गरीब माणूस होता, मालकाच्या गोठ्यामागच्या झोपडीत राहायचा.

एका दुपारी मी सासूला विचारलं, "सारी टोली जाते मिरचीत. रडत जाते पण जाते. तुम्हालेच एवढं का वाईट वाटते?"

ती खुंटांजवळचं गवत उपटत होती.

"तिथं आपले हात आपले राहत नाहीत," ती म्हणाली. पुढं विचारलं तर मला गप्प बसवलं.

धान निसवलं. लोंब्या लहान होत्या, पहिल्या पिकाच्या निम्म्या असतील, पण साऱ्या बांधीवर होत्या. पाखरं यायला लागली आणि माणसंही. पाळेवर उभं राहून गाव बघायचं. कोणी म्हणायचं बाई हुशार, कोणी म्हणायचं टोलीवाले माजले. जे आधी हसले होते त्यांचं हसणं थांबलं, यावरून मी ओळखलं की आता काहीतरी होणार.

मालक स्वतः आला. तो आवाज चढवत नसे. ज्याचं सगळंच ऐकलं जातं त्याला आवाज चढवावा लागत नाही.

"देवका, हे काय करून राहिली?"

"सरवा राखून राहिली जी."

"हा सरवा होय का? हे तं पीक हाय."

"तुमचं पीक तुमच्या खळ्यावर गेलं, मालक. हे विळ्यामागचं. तुम्हीच म्हणाले होते, चार माणसांत."

त्यानं एक लोंबी ओढली, दाणा दातानं फोडला. आतलं दूध घट्ट व्हायला लागलं होतं.

"जमीन कोणाची?"

"तुमची जी."

"पाणी?"

"तलावाचं. तलाव खोदायला आमचे आजे-पणजे होते."

मालक हसला. "भांडायला नाही आलो, बाई. मले हे धान नको. एवढ्यात माह्या घरचे पावणे जेवणार नाहीत. पण पुढल्या साली साऱ्या बाया साऱ्या बांध्यांत वीतभर खुंट ठेवतीन अन् टोपल्या मांडून बसतीन. मग माहे बैल काय खातीन? गावची ढोरं कुठं चरतीन?"

"बैलांचं तुम्ही पाहा. आमचं आम्ही पाहून राहिलो."

"बरं," मालक म्हणाला. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं, आधी पोटाकडं, मग तोंडाकडं. "सून ना ही, प्रल्हादची? हिचाही विळा होता का कापणीले?"

सासूची मान ताठ झाली. एवढी ताठ मी तिची कधी पाहिली नव्हती.

"माह्या सुनेले मी विळ्याले हात लावू देला नाही जी. धुऱ्यावर बसवून ठेवली. तुमच्या घरच्या सुना बसतात तशी."

"चांगलं केलं," मालक म्हणाला. आणि जाता जाता पुन्हा म्हणाला, "चांगलं केलं."

दाणा भरला. लोंब्यांनी मान टाकली. सासूनं विळ्याला धार लावली, दातांवरून अंगठा फिरवून पाहिला आणि म्हणाली, "परवा लावू. अजून थोडं ऊन खाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सायत्री सुईण गेली. पाणी आणायला उठली, उंबऱ्यात बसली ती बसलीच. गोपिका रडत रडत बांधीवर आली.

"चाल व देवका. सायत्री गेली."

सासू टोपलीजवळ बसली होती. ती उठली नाही.

"तुम्ही करा. मी नाही येत."

"येडी झाली का? मातीले नाही येणार? जिनं तुह्या चारी बाळंतपणांत हात लावला तिच्या मातीले?"

"चार नाही," सासू म्हणाली. "तीन."

गोपिकानं जीभ चावली. मला तेव्हा काही कळलं नाही. मला सासूचे तीनच माहीत होते, माझा नवरा आणि दोन नणंदा.

"तिन्हीत तरी लावला ना?" गोपिका हळूच म्हणाली. "टोलीत माणसं किती उरली? खांदा देणारे मोजून हायेत. आंघोळ घालाले बाया पाहिजेत. तू नाही आली तं उद्या तुह्या घरी कोण येईन?"

सासूनं धानाकडं पाहिलं, मग गावाकडं.

"तुम्ही जा, आत्याबाई," मी म्हणाले. "पोटुशी बाई मसणात जात नाही, मी तशीही घरीच बसणार. इथं बसते. टोपली हाय, मी हाय. कोण येते?"

"सावलीत बस," ती म्हणाली. "पाखरांच्या मागं धावू नको."

ती गेली. पाळेवरून दोघी जाताना मी पाहत राहिले. टोलीकडून रडणं ऐकू येत होतं. मग ते नदीच्या अंगाला सरकत गेलं आणि थांबलं.

त्यानंतर ढोरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा वाजल्या.

बुधा नेहमीच्या वेळेच्या आधी आला होता आणि एकटा नव्हता. सोनबा दिवाणजी छत्री मिटून त्याच्यामागं चालत होता. ढोरंही नेहमीची तेवढी नव्हती, मालकाच्या गोठ्यातले सारे बैल त्यांत होते.

"घाल खाली," दिवाणजी म्हणाला.

"टोपली हाय, दिवाणजी," बुधा म्हणाला.

"कोणाची?"

"देवकाबाईची."

"देवका कुठं हाय?"

बुधानं माझ्याकडं पाहिलं. मी उठून उभी राहिले, टोपली पायांशी धरली. "मी हाय ना. सून हाय तिची. एकाच घरची टोपली."

"घराची टोपली नसते, बाई. विळ्याची असते. ही रीत तुमची हाय, आमची नाही." दिवाणजीनं छत्रीच्या टोकानं बांधी दाखवली. "या बांधीत तुहा विळा चालला का?"

बुधा मध्ये बोलला. खाली मान घालून बोलला. "बाई, तू चालला म्हण. मी ढोरं परततो."

"चालला," मी म्हणाले.

"पोटावर हात ठेवून म्हण," दिवाणजी म्हणाला.

मी पोटावर हात ठेवला. आतली पोरगी लाथ मारत होती. "चालला. माह्या लेकराची आण, या बांधीत माहा विळा चालला."

मी खोटं बोलले. आजही त्या धुऱ्यावर कोणी उभं केलं तर पुन्हा तेच बोलेन, पुन्हा पोटावर हात ठेवून. ज्यांच्या घरात धान आहे त्यांनी खऱ्या-खोट्याचा निवाडा करत बसावं.

दिवाणजी हसला. "तुही सासूच मालकाले सांगून राहिली होती. राणीसारखी बसवली म्हणे." त्यानं बुधाच्या हातातली काठी ओढून घेतली आणि पहिल्या बैलाच्या पाठीत घातली.

ढोरं हिरवं आणि सोनेरी पाहून थांबणार थोडीच. पाळेवरून धडधडत उतरली. मी टोपली एका बैलाच्या थोबाडावर मारली, ती फुटली. मी ओरडले, दगड मारले, शेपट्या ओढल्या. बैल मला बाजूला सारून खात होते. मारकेही नव्हते बिचारे, नुसते भुकेले. पिकलं धान ढोर खातं तेव्हा कचकच आवाज येत नाही, नुसता श्वास ऐकू येतो आणि जिभेचा खरबरीत आवाज. जिथं खात नव्हते तिथं खूर पडत होते. ओल्या मातीत लोंब्या बुडत होत्या.

दिवाणजी गेल्यावर बुधानं ढोरं एका कोपऱ्यातून हाकलली. "हा तुकडा घे," तो म्हणाला. "पटकन." मी खुडत गेले, ओच्यात भरत गेले. विळाही नव्हता, नखानं खुडलं. ओचाभर झालं. मग तो कोपराही गेला.

बाया परतल्या तेव्हा त्यांचे केस ओले होते. मातीहून आलेल्या, नदीत आंघोळ केलेल्या. सासू धुऱ्यावर उभी राहिली. मला वाटलं ती आता आकाश-पाताळ एक करेल. तिनं आधी मला वरून खाली पाहिलं, पोटाला हात लावला.

"लागलं का?"

"नाही."

"बुधानं टोपली पाहिली नाही?"

"पाहिली. माहा विळा नव्हता म्हणे."

ती खाली बसली. चिखलात, ओल्या लुगड्यानं.

"मीच बसवलं तुले धुऱ्यावर," एवढंच म्हणाली.

गोपिका आणि दोन म्हातारे मालकाकडं गेले. मालकानं त्यांना ओट्याखाली बसवलं, पाणी विचारलं. "मी काय मोडलं?" तो म्हणाला. "सांगा ना. ज्याचा विळा त्याचा सरवा, हे तुमचंच बोलणं." त्याचं काही चुकलंच नव्हतं. गरिबाची रीत गरिबाच्याच गळ्यात अडकवायला मालकाला नुसती आठवण चांगली असावी लागते.

ठेकेदाराचा शेवटचा ट्रक आला. सासूनं चुलीवर पाणी ओतलं, मडकं पालथं घातलं, शेरडं गोपिकाकडं बांधली. खुडलेल्या लोंब्या तिनं लुगड्याच्या धडप्यात बांधून घेतल्या होत्या. मी ट्रकात चढताना मागून तिनं मला दोन्ही हातांनी उचललं.

मिरचीच्या रानात आमची पालं होती. प्रल्हाद भेटला. आईला टोमणा मारायलाही त्याच्यात त्राण राहिलं नव्हतं. पहाटे रानात उतरायचं, दिवसभर लाल मिरची खुडायची. पहिल्या दिवशी बोटं चुरचुरतात. मग मनगटापर्यंत आग चढते. नंतर नंतर आग कळत नाही, पण ती हातातून जातही नाही. राखेनं धुवा, ताकानं धुवा, जात नाही. डोळ्याला हात लागला तर माणूस लोळतं.

सासू मिरचीला हात लावीना.

ती रानात यायची, बांधावर बसायची, दोन्ही हात फडक्यात गुंडाळून काखेत धरायची. ठेकेदार तणतणत आला.

"ओ बुढी, जत्रेला आली का?"

"हात राखून राहिली."

"कोणासाठी?"

"येणाऱ्यासाठी."

"एकीच्या तोडणीवर दोघींची भाकर मिळत नाही. एकीनं दोघींचं तोडा, नाही तं पाल रिकामं करा."

"मी तोडते दोघींचं," मी म्हणाले. पोट इतकं पुढं आलं होतं की झाड दिसायचं नाही, हातानं चाचपून खुडायची. बाकीच्या बाया सासूला महाराणी म्हणायला लागल्या. ती ऐकून घ्यायची. जिनं आयुष्यात एक शब्द उसना ठेवला नाही, ती ऐकून घ्यायची.

एका दुपारी पाणी प्यायला मी तिच्याजवळ बसले, तेव्हा ती आपण होऊन बोलली.

"माही पहिली पोरगी इथंच झाली. असंच रान होतं. सुईण नव्हती, एक शेजारीण होती, मिरचीतून उठून आली. तिनं ओढलं. तिचे हात तसेच. मग मी घेतलं. माहेही तसेच. हात लावला की ती रडे. घेतली की रडे, ठेवली की गप. छातीशी धरल्याशिवाय पाजू कशी? अंगभर लाल झाली, डोळे सुजले." ती फडक्यातल्या हातांकडं पाहत होती. "आईच्या हाताले भिऊन मेली ती, निरमे."

मला तलावाखालची बांधी दिसत होती, ती राख, त्या लेंड्या, ती मोडलेली टोपली.

कळा सुरू झाल्या त्या रानातच, ऊन डोक्यावर आलं तेव्हा. सासूनं मला पालात नेलं, बायांना बाहेर उभं केलं. "कोणी आत यायचं नाही. कोणी हात लावायचा नाही." तिनं फडकं सोडलं. तिचे हात पांढरे पडले होते, सुरकुतलेले, बरेच दिवस पाण्यात राहिल्यासारखे. त्या हातांनी तिनं माझी पोरगी काढली, एकटीनं. सायत्री म्हणाली होती तशीच निघाली ती, भांडखोर. रडली, मग सासूच्या हातात गप झाली.

मी हात पुढं केले.

"हात मागं," सासू म्हणाली.

"आत्याबाई, एकदा."

"मागं घे हात, निरमे. आज दुपारपर्यंत मिरचीत होते ते."

मी हात मागं घेतले, पाठीशी धरले. तिनं पोरीला माझ्या छातीशी लावलं आणि तशीच धरून बसली. पोरगी ओढायला लागली. कोपऱ्यात तीन दगडांवर पेज शिजत होती. कळा सुरू होताच तिनं त्या ओचाभर लोंब्या चोळून, दगडानं कांडून चढवल्या होत्या. साऱ्या बांधीचं धान, एक वाटी भरली. एका हातानं तिनं पोरीला धरलं आणि दुसऱ्या हातानं मला पेज भरवत राहिली.

"खा. आपलंच धान हाय."

मी गिळत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पेजेत पडत होतं, पोरीच्या टाळूवर पडत होतं. आणि मला ते पुसता येत नव्हतं.